पंखावर देवाचं माप

मी तेव्हा इतकी शहाणी होते, की आता नुसतं आठवलं तरी मला थकवा येतो.

हैदराबादला विमानं दुरुस्त करायच्या एका कारखान्यात मी नोकरीला होते. पाने घेऊन नट पिळायला नव्हे. तिथं हिशेबाची एक खोली होती. विमानाचा एखादा भाग मोडला, की तो कसा सांधायचा, उडताना त्या सांध्यावर किती जोर येईल आणि तो जोर त्याला पेलेल का, हे आधी कागदावर काढायचं, ते त्या खोलीत. मोडलेल्या हाताला फळ्या बांधतात ना, तसंच समजा. फळी किती लांब, किती जाड, हे आम्ही बांधायच्या आधी आकड्यांनी ठरवायचो.

खोलीत सगळे पुरुष आणि एक मी. मुरुम गावच्या अडत दुकानदाराची मुलगी. पाढे निजामी शाळेत उर्दूत पाठ केलेले, इंजिनिअरिंग इंग्रजीतून केलेलं, त्यामुळं गुणाकार उर्दूत, ऐट इंग्रजीत आणि रडू आलं तर मराठीत, अशी माझी वाटणी होती. माझं काम म्हणजे इतरांच्या बेरजा तपासायच्या. चूक सापडली तर ती दुरुस्त करून कागद परत द्यायचा, आणि खाली सही त्यांची व्हायची. साहेब म्हणायचे, "बाई, आकडा तुमचा चोख असतो. पण सही म्हणजे जबाबदारी असते."

मी घरी येऊन उशीवर सह्या करायचे. बोटानं.

त्या वर्षी सुगी संपता संपता एक दोन सीटचं शिकाऊ विमान बेंबळीच्या शिवारात उतरलं. उतरलं म्हणजे इंजिनानं दगा दिला म्हणून वैमानिकानं ते कापलेल्या ज्वारीच्या वावरात टेकवलं. माणसं धड राहिली, इंजिनही पुढं चार दिवसांत धड झालं, पण बांधावरच्या बाभळीनं उजवा पंख धरला आणि त्याच्या आतला लाकडी कणा मोडला. विमान तिथून हलवायचं तर तिथंच सांधून उडवत आणायचं, दुसरा रस्ता नव्हता.

साहेबांनी खोलीत विचारलं, "उस्मानाबाद जिल्ह्यातलं कोण आहे?"

मी हात वर केला. तसा मी कशालाही हात वर करायचे.

"बेंबळीला माझी आत्या राहते," मी म्हणाले. माझी सगळी पात्रता एवढीच. बाईमाणसाच्या मुक्कामाची सोय झाली म्हटल्यावर साहेबांचा नाइलाज झाला. ते म्हणाले, "दुरुस्ती तुमची. चाचणीत पास झाली, तर वेगळं टेबल आणि सहीचा अधिकार. नापास झाली तर परत बेरजा, आणि मग मला पुन्हा विचारायचं नाही. आणि रिवाज ठाऊक आहे ना?"

रिवाज ठाऊक होता. मोठ्या दुरुस्तीच्या हिशेबावर जो सही करील, त्यानं पहिल्या उड्डाणात मागच्या सीटवर बसायचं. म्हणजे सह्या जपून होतात.

"अर्थात," मी इंग्रजीत म्हणाले. येरमाळ्याला देवीला जाताना एस.टी.त मला दर वेळी खिडकी लागते आणि ती कशासाठी लागते, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

मी बेंबळीत उतरले तेव्हा डोळ्यांवर काळा गॉगल होता आणि कमरेला चामड्याच्या म्यानात स्लाइड रूल लटकत होता. हिशेब करायची सरकती पट्टी ती, पण मी ती तलवारीसारखी बांधायचे. आत्या दारात आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डोळे आले का गं तुला?"

"नाही आत्या, ऊन लागू नये म्हणून."

"आन् हे कमरंला काय बांधलंय? लाटणं?"

कारखान्याचा सुतार माझ्या आधीच येऊन पोचला होता. मी आकडे काढले, त्यानं कण्याला नवं लाकूड लांब तिरक्या सांध्यानं जोडलं, सरस वाळू दिला. कापड अजून चढवायचं नव्हतं. आधी चाचणी. तिच्यासाठी कारखान्याचे तपासनीस आले. ते तुळजापूरचे, कपाळावर कुंकवाचा बारीक टिळा आणि तोंडात सुपारीची कातरी. विमानं तपासण्यात त्यांचे केस पिकले होते, आणि उरलेले माझ्यामुळं पिकतील अशी त्यांना खात्री होती.

चाचणी अशी असते. पंख विमानापासून सोडवायचा, उलटा करायचा, त्याचं बूड लाकडी चौकटीत पक्कं आवळायचं आणि टोक अधांतरी ठेवायचं. मग त्या उलट्या पंखावर हिशेबानं ठरवलेलं ओझं रांगेरांगेनं ठेवत जायचं. टोक किती वाकतं ते बघायचं. ओझं उतरवल्यावर टोक होतं तिथं परत आलं आणि वाकताना हिशेबाबाहेर गेलं नाही, तर पंख पास.

कारखान्यात यासाठी वाळूच्या थैल्या असतात. बेंबळीच्या काळ्या रानात वाळू कुठून आणायची? पण आत्याच्या खळ्यात ज्वारीची नवी रास पडली होती. मी ठरवलं, ज्वारीच्या सारख्या वजनाच्या लहान थैल्या भरायच्या. ते काम गावच्या मापाड्यावर सोपवलं. म्हातारा, वाळका, खणखणीत आवाजाचा. आयुष्यभर लोकांचं धान्य मोजून देत आलेला.

चाचणीच्या दिवशी अर्धं गाव लोटलं. मी लगेच भाषण दिलं. विमान उडतं तेव्हा हवा पंखाला खालून वर रेटते, तो रेटा आपण वरून खाली देऊ शकतो, सबब पंख उलटा करणं क्रमप्राप्त आहे, असं काहीतरी मी छापील मराठीत बोलले. "क्रमप्राप्त" हा शब्द मी खरंच वापरला. आसपास बैल उभे होते, तेही ऐकत होते.

मापाड्यानं विचारलं, "म्हंजी बाईसाब, हे इमान उलटं होऊन उडणार म्हना की."

"नाही हो! उडणार सुलटंच."

"मंग उलटं कामून केलं?"

आत्या मागून म्हणाली, "तिला काय इचारता? तिला भाकर बी उलटाया येत न्हाय, इमान उलटतीया."

मी दुर्लक्ष केलं. शास्त्राच्या वाटेवर आत्या यायच्याच, असा माझा तेव्हा समज होता.

पंखाच्या टोकाला मी ओळंबा बांधला, शेजारच्या खांबाला पट्टी ठोकली, आणि सगळं ओझं चढल्यावर ओळंबा कुठवर खाली यायला हवा, तिथं आत्याच्या करंड्यातल्या कुंकवानं रेघ ओढली. माझा सगळा हिशेब त्या एका रेघेत होता. ओळंबा तिथं थांबला, तर मी सही करणार. मग मापाड्याला हुकूम सोडला, "प्रत्येक रांग मी सांगितली तेवढीच. आणि मोजणी मोठ्यानं म्हणायची." आणि स्वतः पंखाकडं पाठ करून, डोळा पट्टीला लावून उकिडवी बसले. तपासनीस लिंबाखाली बाजेवर कागद घेऊन बसले.

मोजणी सुरू झाली. प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला म्हातारा काहीतरी पुटपुटायचा, मग मोठ्यानं "एक... दोन..." आकडे ऐकून मी मान हलवायचे. पुटपुटणं ऐकून मनात म्हणायचे, असो, श्रद्धा आहे त्यांची. फार मोठ्या मनाची होते मी.

निम्म्या रांगा झाल्या तेव्हाच मला शंका आली. ओळंबा जरा घाईत होता. आणखी दोन रांगा झाल्या, पंख कण्हला. लाकूड कण्हतं, तो आवाज एकदा ऐकलात तर विसरत नाही. माझ्या गॉगलच्या आतून घाम आला. शेवटची रांग चढली आणि ओळंबा कुंकवाच्या रेघेवर आला, क्षणभरही न थांबता ती ओलांडून खाली गेला, आणि तिथं जाऊन बसला.

गावाला काही कळलं नाही. तपासनीसांना कळलं. ते बाजेवरून उठून आले, वाकून पाहिलं.

"बाई, कुंकू वर राहिलं आणि ओळंबा खाली गेला."

"ऊन," मी म्हणाले. "उन्हानं लाकूड ढिलं पडतं."

"इतकं?"

"चौकट हलली असेल."

त्यांनी चौकटीला लाथ घालून पाहिली. ती काही हलली नाही.

"मग ज्वारी," मी म्हणाले. "नवी ज्वारी आहे. दमट."

"थैल्या भरून तोललेल्या आहेत ना? मग दमट काय आणि कोरडी काय, वजन तेच." ते शांतपणे म्हणाले. "हिशेब चुकला असेल किंवा सांधा कच्चा असेल. दोन्हींत तुमचंच नाव आहे. ओझं उतरवा. मी नापास लिहितो."

मी मनातल्या मनात सगळे गुणाकार पुन्हा केले. उर्दूत. आकडा तोच येत होता. माझं वेगळं टेबल, ज्याच्यावर मी कुठं दौत ठेवायची हेही ठरवून टाकलं होतं, ते कुणीतरी खोलीबाहेर उचलून नेताना मला स्पष्ट दिसलं. मी कशीबशी म्हणाले, "उतरवा," आणि पहिल्यांदाच पंखाकडं तोंड करून उभी राहिले. रडू येत होतं म्हणून. आलंच तर ते गावाला दिसायला नको.

मापाडी शेवटच्या रांगेपासून थैल्या उतरवत आला. सगळ्या रांगा झाल्या. तो हात झटकून बाजूला झाला, आणि पंखावर प्रत्येक रांगेत एकेक थैली तशीच बसून राहिली. पंगत उठली तरी यजमान बसून राहावेत तशा.

"ह्या का ठेवल्या?" मी विचारलं.

"त्या देवाच्या हायत."

"देवाच्या म्हणजे?"

"देवाच्या म्हंजी देवाच्या."

"अहो पण मी सांगितलं होतं मोजून टाका!"

"मोजूनच टाकल्या की. देवाचं माप आधी टाकायचं, मंग एक धरून मोजायचं. देवाचं कुनी मोजतं व्हय?"

आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. हसणारच. आमच्या दुकानात रास मोजायची असली की पहिलं माप देवाचं म्हणून बाजूला पडायचं, ते मोजणीत नसायचं. त्याच ज्वारीच्या लाह्या खाऊन मी वाढले होते. पोत्यांच्या थप्पीवर बसून मीच लहानपणी ओरडायचे, "बाबा, देवाचं ऱ्हायलं!" आणि आता इतकं शिकून, कमरेला म्यान लटकवून, प्रत्येक रांगेला ते पुटपुटणं ऐकून मी मोठ्या मनानं मान हलवत होते.

मी तिथंच ढेकळांत फतकल मारली आणि स्लाइड रूल काढला. प्रत्येक रांगेत एक थैली जास्त धरून हिशेब पुन्हा मांडला. ओळंबा कुठवर यायला हवा होता? जिथं तो जाऊन बसला होता, अगदी तिथं.

मी कागद तपासनीसांपुढं धरला. त्यांनी तो दोनदा पाहिला, मग पंखाकडं पाहिलं. मापाड्यानं देवाच्या थैल्या एकेक करून, हात जोडून, उतरवल्या. ओळंबा हळूहळू वर आला आणि सुरुवातीला होता तिथं टेकला.

"पंख जागेवर आला," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

"आला," ते म्हणाले. "पण तुम्हाला ठाऊक नव्हतं त्या ओझ्याची चाचणी मी धरू शकत नाही. पुन्हा घ्या. या वेळी नेमकं मोजून."

"घेते." मी मापाड्याकडं वळले. "बाबा, आता देवाच्या थैल्या टाकायच्या नाहीत."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"बिगर देवाचं माप म्या आजवर टाकलं न्हाय. दुसरा मानूस बघा."

मी तपासनीसांकडं पाहिलं. आता हा शिकलेला माणूस विज्ञानाच्या बाजूनं दोन शब्द बोलेल अशी माझी अपेक्षा. त्यांनी टोपी नीट केली.

"मी तुळजापूरचा, बाई. देवाचं माप काढा, हे माझ्या तोंडून निघायचं नाही. आणि न मोजलेलं वजन माझ्या कागदावर चढायचं नाही. तुमची चाचणी आहे, तुम्ही बघा."

मी बघत राहिले. मला काही दिसत नव्हतं. शेवटी आत्याच पुढं आली.

"कामून एवढं बेजार होताव सगळे? देवाची थैली टाकू द्या त्यास्नी. ते देवाचं म्हनतील, पोरगी एक म्हनंल. ते एक म्हनतील, तवा ही दोन म्हनंल. थैली तर तीच हाय का न्हाय?"

"पन देवाचं मोजल्यावानी व्हतंय," मापाडी कुरकुरला.

"तुमी कुठं मोजताव? ती मोजतीया. तिला बघून घेईल देव."

मला बघून घ्यायची जबाबदारी देवाकडं गेल्यावर म्हातारा तयार झाला.

दुपार कलल्यावर दुसरी चाचणी सुरू झाली. या वेळी मी पट्टीपाशी आत्याला बसवलं, ओळंबा कुंकवाला टेकला तर ओरडायचं म्हणून सांगितलं, आणि स्वतः पंखाजवळ उभी राहिले. "देवाचं!" मापाडी गरजला. "एक!" मी. "एक!" तो. "दोन!" मी. माझा आकडा कायम त्याच्या एक घर पुढं, आणि त्यावर तो दर वेळी माझ्याकडं असा बघायचा, की पोरगी देवाच्या मापाला मोजते, हिचं काही खरं नाही. पोरांना तर चेवच आला. निम्मी त्याच्या बाजूनं ओरडायला लागली, निम्मी माझ्या. तपासनीस कुणाचं ऐकत होते कुणास ठाऊक, पण त्यांचे ओठ हलत होते.

शेवटच्या रांगेची शेवटची थैली त्यानं ठेवली. मला ओळंब्याकडं बघवेना. मी आभाळाकडं बघत उभी राहिले, आणि आत्याचा आवाज आला.

"टेकला गं! बरूबर कुंकवाला टेकला!"

तपासनीस वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले. ओझं उतरलं, टोक परत जागेवर आलं. तेही त्यांनी पाहिलं. मग कागद माझ्यापुढं धरला.

मी आयुष्यातली पहिली सही केली. ती इतकी लांबरुंद केली, की तपासनीस म्हणाले, "बाई, खाली मलाही करायची आहे."

पुढं सांध्यावर नवं कापड चढलं, त्याला उग्र वासाचं रोगण लागलं, पंख सुलटा होऊन विमानाला बसला. जुनं कापड पिवळं आणि सांध्यावरचं नवं ठिगळ पांढरं, बिनरंगी. आणि उड्डाणाचा दिवस आला. रिवाजाप्रमाणं मागची सीट माझी.

वैमानिक शिडशिडीत आणि काळजीखोर. म्हणाला, "वावर आखूड आहे. वजन नेमकं कळायला हवं. तुमचं किती?"

मला ठाऊक नव्हतं. मापाड्यानं लिंबाला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात मी, साडी आवरून, मांडीवर आत्यानं दिलेलं गाठोडं. दुसऱ्या पारड्यात वजनं.

"हळू बोला," आत्या मापाड्याला म्हणाली. "लग्नाची हाय पोरगी. वजन गावभर करू नका."

वैमानिकानं मापाड्याला हसत विचारलं, "काय बाबा, आज देवाचं नाही टाकायचं?"

म्हातारा वजनं चढवता चढवता म्हणाला, "बाईमानूस तोलताना न्हाय टाकत. हायत तेवढ्या बायाच लई हायत."

वैमानिकानं गाठोड्याकडं बोट केलं. "ते राहू द्या. उगाच ओझं."

"लाह्या हायत त्या," आत्या म्हणाली. "देवाच्या ज्वारीच्या. फुंकर मारली तर तुमच्या आधी उडतील." गाठोडं राहिलं.

विमान वावरातून धावलं, दणके बसले, आणि मग दणके थांबले. म्हणजे आम्ही वर होतो. हे मला दणके थांबण्यावरूनच कळलं, कारण मी खाली पाहिलंच नाही.

आता नातवंडं विचारतात, "आजी, तू त्या काळात विमानातून आपला जिल्हा पाहिलास! वरून कसा दिसतो धाराशिव? तुळजापूरचा डोंगर दिसतो का? नळदुर्ग?"

मला ठाऊक नाही. दिसला असेल. मी हैदराबादेपर्यंत फक्त उजव्या पंखावरचं ते पांढरं ठिगळ बघत होते. डोळ्याची पापणी हलवली तर सांधा सुटेल अशी माझी समजूत होती. तोंडात लाह्या कोंबत होते, म्हणजे दुसरं काही बाहेर यायला नको. हिशेब बरोबर होता, चाचणी दोनदा झाली होती, सही माझी होती, आणि तरीही प्रत्येक हेलकाव्याला मी त्या ठिगळाला मनात म्हणत होते, देवाचं, एक, दोन.

धावपट्टीवर साहेब उभे होते. मी खाली उतरले. गॉगल कपाळावर, केसांत लाह्या.

"सांधा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे तिथंच आहे," मी म्हणाले, आणि त्यांच्या बुटांपासून जरा लांब जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मला टेबल मिळालं. दाराजवळचं, एक पाय आखूड असलेलं. त्या पायाखाली काय घालायचं, याचा हिशेब मी स्वतः केला आणि खाली सही केली.